लाख ते लॅकर : गुळगुळीत थराचा इतिहास

#धागा #इतिहास

१/८
विमानाच्या किंवा रणगाड्याच्या छोट्या प्रतिकृतीवर एअरब्रशने चढवलेला नितळ रंग पाहिला, की ते यंत्रयुगाचे अपत्य वाटते. मात्र रंगाच्या बाटलीवरील ‘लॅकर’ हा शब्द एका किड्याचा वारसा सांगतो. तो किडा आजही चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांत पळस व कुसुमाच्या फांद्यांवर वाढतो.

२/८
हा लाखेचा किडा कोवळ्या फांदीतील रस शोषून अंगाभोवती राळेचे कवच रचतो. तीच लाख. पळसावरील वाण रंगीनी, कुसुमावरील कुसुमी. संस्कृत ‘लाक्षा’ फारसी, अरबी व पोर्तुगीज असा प्रवास करत इंग्रजीत ‘लॅकर’ झाली. महाभारतातील लाक्षागृहाचे नावही हिच्यावरूनच.

३/८
थर नितळ होण्याचे सूत्र एकच : सुकण्यापूर्वी तो सर्वत्र सारखा पसरला पाहिजे. कातारी हे उष्णतेने साधतो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, की घर्षणाने ती वितळून पसरते. सावंतवाडीची खेळणी या लाखकामासाठी ओळखली जातात. कर्नाटकातील चन्नपट्टणात त्यावर केतकीचे पान दाबून चकाकी आणतात.

४/८
दुसरा मार्ग द्रावकाचा. लाख शुद्ध करून केलेला चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. कापडाच्या बोळ्याने त्याचे पातळ थर एकावर एक देणे, हेच सुतारांचे फ्रेंच पॉलिश.

५/८
तिसरा मार्ग हवेचा. १८९३ मध्ये चार्ल्स बर्डिक याने एअरब्रशचे पेटंट घेतले. त्यात हवा व रंग उपकरणाच्या आतच मिसळत. पुढे १९२३ मध्ये ड्यूपाँ कंपनीचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींसाठी आले. ते इतके झरझर सुके, की कुंचल्याच्या रेघा तशाच राहत. म्हणून फवारा अपरिहार्य ठरला. आठवड्यांचे रंगकाम तासांवर आले. लाख गेली, नाव राहिले.

६/८
प्रतिकृतीकाराचे नियम याच सूत्रातून येतात. रंग घट्ट असेल किंवा नळी दूर असेल, तर थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. थिनर जास्त झाला, तर रंग ओघळतो. म्हणून दुधाइतका पातळ रंग, हलका दाब आणि एका जाड थराऐवजी अनेक विरळ थर.

७/८
परंतु या लकाकीमागे मालकीचा प्रश्न होता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने लाखेला ‘वनोपज’ म्हणून सरकारी नियंत्रणाच्या कक्षेत ठेवले. फांदीवरून ती खरवडणाऱ्याचा हक्क मात्र दीर्घकाळ अमान्य राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांच्या व्याख्येत लाखेचा नामोल्लेख केला आणि ती गोळा करण्याचा व विकण्याचा अधिकार वननिवासींना दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते गणले जाते.

८/८
आजच्या बहुतेक लॅकर रंगांत लाखेचा अंशही नसतो. शब्द जगभर पोहोचला. ज्यांच्या जंगलात ती राळ पिकते, त्यांचा तिच्यावरील हक्क कागदावर उमटायला मात्र दीर्घ काळ लागला.