बंदिस्त पेशींचा इतिहास

पालघर जिल्ह्यात बोईसर-तारापूर येथे औषधांचे कारखाने पुष्कळ. परंतु मधुमेही बालकाच्या देहातील बंद पडलेला इन्सुलिनचा कारखाना पुनः चालवावा कसा? १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन हाती आणिले. मुले वाचली, पण सुईचे दास्य सुटले नाही. परक्या पेशी रोपाव्या, तर शरीराचे रक्षकच त्यांचा घात करितात. १९८० साली लिम व सन यांनी समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या सूक्ष्म कोशांत त्या पेशी कोंडून उंदरांत रोपिल्या. साखर व इन्सुलिन आरपार जावे, मारेकरी बाहेर राहावे, ही युक्ती. उंदरांची साखर दोनतीन आठवडे ताब्यात राहिली. पुढे मनुष्यावरही प्रयोग झाले. परंतु कोशाभोवती तंतूंचे वेष्टन चढते, प्राणवायू तुटतो, पेशी गुदमरतात. म्हणून सुई टाकण्याची घाई कोणत्याही मातापित्यांनी करू नये. आशा मात्र सोडू नये, असे आम्हांस वाटते.