बॅटरीचे दात

बैल घ्यायचा तर आधी त्याचे दात पाहायचे, हे आमच्या बुलडाणा जिल्ह्यात शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. दोनदाती, चारदाती की जुळलेला, ते पाहिलं की वय कळतं. मग चालवून पाहायचा. एवढं करूनही फसगत झाली, तर चूक घेणाऱ्याची. बाजाराची ही रीत जगभर जुनी आहे. पण ज्या वस्तूला दातच नाहीत, ती कशी पारखायची?

काही वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या डिझेल गाडीला नवी कोरी बॅटरी बसवली. सतराव्या दिवशी रात्री मोताळ्याला आपाच्या छातीत दुखू लागलं. तिला बुलडाण्याला न्यायचं, तर गाडीचा सेल्फ नुसता कटकट करून गप्प झाला. शेजारची पोरं उठली, धक्का मारला, गाडी सुरू झाली. राजूर घाट चढताना एकच धास्ती होती, इंजिन बंद पडलं तर? आपा वाचली. पण पुढे दुकानदार म्हणाला, ‘‘बॅटरी नवी आहे, दोष तुमच्या गाडीत असेल.’’

मंडळी, ‘नवी’ म्हणजे काय, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. आजही बहुतेक गाड्यांतली बॅटरी मुळात तीच आहे. प्रत्येकी सुमारे दोन व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातला एक सेल बसला, तरी साऱ्या बॅटरीचं बळ जातं. शिवाय आम्ल भरलेली बॅटरी दुकानाच्या फळीवर पडून असली, तरी हळूहळू उतरत असते. उन्हाळ्यात जास्तच. वेळेवर चार्ज केली नाही, तर प्लेटांवर कडक पांढरा थर धरतो. तिचं वय बिलाच्या तारखेपासून नव्हे, कारखान्यापासून मोजायचं असतं.

पूर्वी गाडीचं बॅटरीवाचून एवढं अडत नसे. माझे अब्बा भाड्याची जीप चालवायचे. बॅटरी रुसली की बंपरच्या भोकातून हँडल घालायचे. ‘‘अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव,’’ म्हणायचे. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि ही भीती हळूहळू गेली. पुढे हँडलही गेलं. माणसाचा सारा भरवसा एका बंद डब्यावर आला, आणि डब्याच्या आत काही दिसत नाही.

कायदा मात्र बैलबाजाराचाच राहिला. १९३० च्या माल विक्री कायद्यातही मूळ नियम ‘घेणाऱ्यानं पाहून घ्यावं’ हाच होता. त्याला अपवाद होते, पण दाद मागायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे. एका बॅटरीसाठी वकील कोण लावणार? पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं. अशा चळवळींच्या रेट्यातून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागायची सोय झाली. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्यानं घेतली आहे. वस्तू कुठूनही घेतलेली असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावायलाच हवा, असंही नाही.

मी आधी मिस्त्रीकडे गेलो. चालू इंजिनावर त्यानं मीटर लावलं. चौदा व्होल्ट. म्हणजे गाडी बॅटरीला नीट भरत होती. मग बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी हायड्रोमीटर घालून पाहिलं, तर पाच सेल वर आले होते, एक खालीच. डब्यावर ठोकलेला कोड त्यानं वाचून दाखवला. माझी नवी बॅटरी सोळा महिन्यांची होती!

पक्कं बिल आणि ग्यारंटी कार्ड मी जपलं होतं. त्यांच्या झेरॉक्स जोडून दुकानदाराला पत्र लिहिलं आणि पोच घेतली. आरडाओरडा केला नाही. आठवड्यात बॅटरी बदलून मिळाली. त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. कदाचित त्यानंही कोड कधी वाचला नसेल. पण घाटात इंजिन बंद पडलं असतं, तर हीच गोष्ट मला अशी सांगता आली नसती.

तेव्हा बॅटरी घेताना एवढं करा. कोडची पद्धत कंपनीगणिक वेगळी असते. तो दुकानदाराकडून वाचून घ्या, समोर मीटर लावायला सांगा आणि ग्यारंटी कार्डावर तारीख-शिक्का घ्या. बंद डब्याचे दात पाहायचे ते असे.

दुसरी बॅटरी बसवून मी मोताळ्याला गेलो, तेव्हा आपा ओट्यावर बसली होती. सेल्फचा आवाज ऐकून हसली आणि म्हणाली, ‘‘ही किती दाती आणलीस रे?’’