गिरणीच्या कापडापासून कार्बन फायबरपर्यंत: कंपोझिटचे यंत्रशास्त्र

लोअर परळसारख्या गिरणगावात विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे, पण ते खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकरांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आज फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारात मॉल व कार्यालये आहेत. पण विणलेल्या कापडाला अभियांत्रिकीत नवे काम मिळाले आहे.

काच किंवा कार्बन तंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर रचले की कंपोझिट तयार होते. विमानाचे भाग आणि पवनचक्कीची पाती अशीच बनतात. तंतू भार पेलतात, रेझिन त्यांना धरून ठेवते.

असा पट्टा वाकला की थर एकमेकांवरून सरकू पाहतात. याला कर्तन, म्हणजेच शिअर म्हणतात. किर्खोफच्या १८५० च्या सिद्धांतात ते धरलेले नाही. पातळ धातूच्या पत्र्याला हे चालते. कंपोझिटमध्ये रेझिन तंतूंपेक्षा खूप मऊ असते, त्यामुळे जाड पट्टा गणितात आहे त्यापेक्षा ताठ दिसतो. ही चूक धोक्याची आहे. मिंडलिनने १९५१ मध्ये शिअर धरला, पण जाडीभर सारखाच. प्रत्यक्षात भार नसेल तिथे वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर तो शून्य असतो, म्हणून त्या सिद्धांताला दुरुस्ती गुणांक लावावा लागतो.

या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठे काम झाले. आयआयटी मुंबईत प्रा. तरुण कांत यांनी उच्च श्रेणीचे सिद्धांत विकसित केले. तिथलेच प्रा. रमेशचंद्र शिंपी यांनी २००२ मध्ये वाकण्याचे दोन भाग केले, एक बाकाचा व एक शिअरचा. त्यामुळे दुरुस्ती गुणांकाची गरज उरली नाही. प्रा. युवराज घुगल यांनी शिंपींसोबत या सिद्धांतांचे आढावे लिहिले. पुढे कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी त्रिकोणमितीवर आधारित सिद्धांतांवर काम केले. कोपरगावचे प्रा. अत्तेशामुद्दीन सय्यद यांच्यासोबतचा त्यांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या संशोधनाचा मोठा भाग कागद, गणित आणि संगणकावर होतो. शासकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि गणित पक्के केले, तर हे क्षेत्र त्यांच्या आवाक्यात आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना विणकाम खाते बंद होते, त्यांनी हे दार आवर्जून उघडावे.