एक यंत्र, दोन तपासण्या

मॅमोग्राफी हा शब्द आता आपल्या किनाऱ्यावरही घरोघर ऐकू येतो. पण तो कानी पडला की ‘कोणाला काय झाले?’ असेच आपण विचारतो. काही झालेले नसताना बाई स्तनांचा फोटो काढायला जाते, हे मनाला पटतच नाही. ‘माका काय झाला नाय, मगे कित्याक जावचा?’ हे उत्तर मी आमच्या वाडीत किती वेळा ऐकले असेल! त्याचा उलगडा या तपासणीच्या इतिहासात आहे, म्हणून सातवीपर्यंतच शिकलेली असूनही चार ओळी लिहिण्याचे धाडस करते.

क्ष-किरणांचा शोध 1895 सालचा. बर्लिनचे शस्त्रवैद्य आल्बर्ट सालोमन यांनी 1913 साली, शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे 3,000 स्तनांचे फोटो घेऊन रोगाच्या खुणा पाहिल्या. पुढे बरीच वर्षे हा फोटो मुख्यतः गाठ लागलेल्या बाईचाच काढीत. तक्रार आधी, फोटो मागून.

उलटा विचार 1963 साली न्यूयॉर्कमध्ये झाला. तेथे 40 ते 64 वर्षांच्या सुमारे 62,000 स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला, काही तक्रार नसतानाही, दरसाल हाताने तपासणी व फोटो यांसाठी बोलावले. पुढे हिशेब केला तेव्हा त्या गटात या रोगाने दगावलेल्या स्त्रिया कमी निघाल्या. तांदूळ निवडायला घेतो तेव्हा खडा असेलच असे थोडेच असते? तसेच हे.

तेव्हापासून एकाच यंत्रापुढे दोन निरनिराळ्या बायका उभ्या राहतात. पहिलीला काही तक्रार नाही. तिच्या प्रत्येक स्तनाचे बहुधा दोनच फोटो घेतात, एक वरून व एक तिरपा. दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, ते दुखते खरे, पण क्षणभरच. (त्या दिवशी काखेत पावडर लावू नये, तिचे कण फोटोत उमटतात.) दुसरीला गाठ लागली आहे, कातडी आत ओढली आहे किंवा बोंडातून रक्त येते. तिला वेळ जास्त लागतो. नेमक्या जागेचे आणखी फोटो, सोनोग्राफी, आणि जरूर पडल्यास सुईने तुकडा घेणे, हे सारे तिच्यासाठी असते. पहिलीच्या फोटोत काही अस्पष्ट दिसले तर तिलाही परत बोलावतात. तो निरोप आला की घरात रडारड होते, पण अशा बहुतेक जणींना कर्करोग नसतो.

घोटाळा होतो तो येथे. माझ्या नात्यातल्या एका काकूंना गाठ लागली होती, आणि त्या चार महिने शिबिराची वाट पाहत बसल्या. शिबिर तक्रार नसलेल्यांसाठी असते. गाठ असेल तर सरळ डॉक्टरकडे जावे, आणि नंबर लावतानाच ‘गाठ आहे’ असे स्पष्ट सांगावे. लाजून ‘सहज आले’ म्हटले तर पहिलीची तपासणी होऊन आपण घरी येतो. फोटो स्वच्छ आला तरी गाठीचा निकाल लागत नाही. काही गाठी फोटोत दिसतच नाहीत.

असो. गावोगाव हे यंत्र कोठून आणायचे? परळच्या टाटा रुग्णालयाने 1998 साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दुसरा मार्ग पाहिला. 35 ते 64 वर्षांच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचे दोन गट केले आणि एका गटाची दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. 2021 साली निष्कर्ष छापून आले. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयात मात्र तसा फरक दिसला नाही. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या, आपल्यासारख्याच बायका.