रबराच्या ओढीचे मूळ

‘पोलाद हे रबरापेक्षा अधिक स्थितिस्थापक असते’ हे वाक्य विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. ताठपणा मोजायचा तर ते खरेच आहे. मऊ रबरापेक्षा पोलाद लाखपटीने ताठ असते. पण त्यामुळे दोघांची ओढ एकाच जातीची वाटू लागते, आणि इथेच मला हे वाक्य खटकते.

रुंद रबरबँड झटकन ताणून ओठाला लावा, कोमट लागतो. ताणून धरून क्षणभर थांबा, मग सैल सोडून पुन्हा लावा, गार लागतो. केंडलच्या जॉन गॉफ या अंध अभ्यासकाने हे १८०५ मध्ये नोंदवले. वजन टांगलेले रबर तापवले की ते लांबण्याऐवजी आखडते, हेही त्याने पाहिले.

पोलाद ताणताना अणूंमधले अंतर वाढते, बंधांवर ताण येतो आणि ऊर्जा तिथे साठते. रबराचा रेणू म्हणजे हजारो दुव्यांची लवचीक साखळी. उष्णतेमुळे ती सतत वळवळते आणि केसांच्या गुंतवळासारखी गोळा होऊन राहते. गोळा होण्याच्या तऱ्हा अगणित, सरळ होण्याच्या मोजक्या. म्हणून ताणलेली साखळी निव्वळ संभाव्यतेच्या जोरावर मागे येते. शास्त्रीय भाषेत, ही ओढ एन्ट्रॉपीची. बंधांत फारसे काही साठत नाही, आपण केलेले काम उष्णता होऊन बाहेर पडते. ओठाला लागते ती हीच. तापमान वाढले की वळवळ वाढते आणि ओढही वाढते.

मात्र साखळ्या सुट्या असतील तर त्या एकमेकींवरून घसरतात. कच्चे रबर म्हणूनच ताणलेले राहून जाते. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधकासह रबर तापवले आणि साखळ्यांमध्ये पूल बांधले गेले. हे पूल विरळच हवेत. गंधक भरमसाट घातले तर कडक एबोनाइट तयार होते.

थंडीत वळवळ मंदावते. उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास नैसर्गिक रबर काचेसारखे ठिसूळ होते, पण धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो. २८ जानेवारी १९८६ च्या गारठ्यात दुर्घटनाग्रस्त चॅलेंजर अंतराळयानाच्या बूस्टरमधली रबरी कडी ठिसूळ झाली नव्हती. दाबातून मोकळी झाल्यावर ती पुरेशा वेगाने फुगून फट बुजवू शकली नाही.

कुकरची सैल रिंग फ्रीजरमध्ये ठेवली की घट्ट बसते, याचा गॉफच्या प्रयोगाशी विरोध नाही. न ताणलेले रबर इतर पदार्थांसारखेच गारव्याने किंचित आकसते. कुकर तापला की रिंग पुन्हा सैल.