हसूरचंपूच्या घाटग्यांचं विमान

दाबोळी विमानतळाकडून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. ऑक्टोबर १९९८मध्ये ते लोकांसाठी उघडलं. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडचे विमानवेडे गोव्याला निघाले की समुद्राच्या आधी इथं उतरतात. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, त्यात एखादी लांब लेन्स आणि मोबाइलमध्ये टेल नंबरांची यादी. आत शिरल्यावर पावलं कुठं वळणार हेही ठरलेलं असतं. आधी सुपर कॉन्स्टेलेशन, मग सी हॅरिअर, मग विक्रांतवरून उडालेलं सी हॉक. या बड्यांच्या संगतीत दोन माणसांचं, एका इंजिनाचं एक लहानसं विमानही तिथं आहे. त्याचं नाव एचटी-२. त्याचा एखादा फोटो काढून लोक पुढं सरकतात. कोल्हापूरच्या माणसानं मात्र तिथं थांबायला हवं, कारण या विमानाचं मूळ शोधत गेलं की आपण गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू गावात येऊन पोचतो.

सुपर कॉन्स्टेलेशनपुढं गर्दी होते याचं नवल नाही. चार इंजिनं, माशासारखं मध्ये भरलेलं आणि शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं अंग, शेपटीवर एकाऐवजी तीन उभे पंख. इथलं आयएन-३१५ मूळचं एअर इंडियाचं, तेव्हाचं त्याचं नाव ‘रानी ऑफ एलोरा’. प्रवासी वाहतुकीतून सुटल्यावर ते हवाई दलाकडे गेलं, १९७६मध्ये नौदलाकडे आलं आणि दाबोळीवरून अरबी समुद्रावर टेहळणी करत राहिलं. ऐंशीच्या दशकात त्याचं उडणं थांबलं.

याच जातीच्या दुसऱ्या एका विमानानं याच धावपट्टीवर एक रात्र गाजवली आहे. १८ डिसेंबर १९६१, गोवा मुक्तीची लढाई. पुण्याहून आलेल्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३ हजार पौंडांचे बॉम्ब टाकले. मागून आणखी आठ कॅनबेरा आली. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून उठलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र निकामी केलं. दाबोळीच्या तळावर तेव्हा दोन पोर्तुगीज विमानं उभी होती, एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४. संध्याकाळी कामगारांनी धावपट्टीचा एक तुकडा घाईनं बुजवून काढला आणि रात्री अधिकाऱ्यांची कुटुंबं घेऊन दोन्ही विमानं निसटली. सुपर कॉन्स्टेलेशननं जेमतेम ७०० मीटर धावून जमीन सोडली. उडालेल्या दगडमातीनं त्याच्या अंगाला २५ भोकं पडली, एक टायर गेला, तरी ते कराचीला पोचलं. एवढं जड विमान एवढ्या जागेत कसं उचललं असेल, हे संग्रहालयातल्या विमानाच्या चाकांशी उभं राहून पाहिलं की कळायला लागतं. ही गोष्ट तिथं आलेल्या प्रत्येक मुलाला कुणीतरी सांगायला हवी.

पुढं दाबोळी नौदलाच्या ताब्यात गेली आणि १९६४मध्ये कोइमतूरजवळच्या सुलूरहून आयएनएस हंसा हा तळ इथं आला. तेव्हापासून ही धावपट्टी लष्करी आहे, प्रवासी विमानं तिच्यावर पाहुणी म्हणून उतरतात. तिच्याकडे लेन्स रोखायची नाही, हे इथं येणारा प्रत्येक हौशी छायाचित्रकार जाणतो. म्हणूनच संग्रहालयाचं आवार त्याला मोलाचं वाटतं. बाहेर ज्याकडे नुसतं बघायचं, त्याच्या पूर्वजांना इथं हवं तितका वेळ न्याहाळता येतं.

विमानं ओळखण्याचा हा छंद निघाला पहाऱ्यातून. ब्रिटनमध्ये १९२५मध्ये ऑब्झर्व्हर कोअर स्थापन झालं. साधी नागरी माणसं टेकाडांवर बसून आवाजावरून आणि काळ्या आकृतीवरून आपलं विमान कोणतं, शत्रूचं कोणतं हे सांगत. जानेवारी १९४१पासून ‘द एअरोप्लेन स्पॉटर’ नावाचं पत्र निघू लागलं आणि शाळकरी पोरंही आकृत्या घोकू लागली. युद्ध संपलं, पोरांचा नाद सुटला नाही. ती विमानतळांच्या कुंपणाशी वह्या घेऊन उभी राहिली, पुढं वहीची जागा कॅमेऱ्यानं घेतली. ओल्ड वॉर्डनसारख्या गवताच्या धावपट्टीवर शटलवर्थ संग्रहातली जुनी विमानं आजही उडतात आणि कुंपणाशी लेन्सांची रांग लागते.

पहाऱ्यातून आलेल्या या छंदाकडे पहारेकरी मात्र संशयानंच बघत आले. नोव्हेंबर २००१मध्ये ग्रीसमध्ये १२ ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटरना हेर समजून पकडलं गेलं. २०१०मध्ये दिल्लीत दोन ब्रिटिश स्पॉटर अटकेत गेले. आपल्याकडे १९३७च्या विमान नियमांपासून विमानतळावर परवानगीशिवाय छायाचित्रण करायला बंदी होती. सीमेवरचा देश, त्याची सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण त्यातून एक नुकसान झालं. आपल्या विमानांची सामान्य माणसांनी काढलेली जुनी छायाचित्रं फार थोडी उरली आणि ज्या वस्तूचं छायाचित्र नाही, तिचा कर्ताही लवकर विसरला जातो.

कोल्हापूरला यंत्राचा आणि कॅमेऱ्याचा नाद जुना. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथं स्वतः बनवला. उद्यमनगरात एखादा सुटा भाग दाखवला की तो घडवून देणारे हात आजही आहेत. उजळाईवाडीचा विमानतळ १९३०च्या दशकात छत्रपती राजाराम महाराजांनी उभारला, देशातली कितीतरी मोठी शहरं धावपट्टीची वाट पाहत होती तेव्हा. मधल्या काळात तिथली विमानसेवा येत-जात राहिली. २०१८च्या अखेरीपासून पुन्हा नियमित विमानं सुरू झाली आणि कुंपणाबाहेरच्या रस्त्यांवर संध्याकाळी दुचाक्या थांबू लागल्या. घोडावत समूहाच्या स्टार एअरचं एम्ब्रेअर येताना दिसलं की पोरं ‘आपलं आलं’ म्हणतात. पंख्याच्या एटीआरचा फोटो काढायचा तर शटर सावकाश ठेवावं लागतं, सेकंदाच्या दीडशेव्या भागाच्या आसपास. त्याहून जलद ठेवलं तर पंख्याची पाती गोठतात आणि विमान हवेत टांगल्यासारखं दिसतं. सावकाश ठेवलं तर हात हलता कामा नये. दहातले आठ फोटो वाया जातात, उरलेल्या दोनांसाठी माणसं दुसऱ्या दिवशी परत येतात.

आता एचटी-२कडे. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८चा, हसूरचंपूचा. ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांट्ल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर ओळखून, प्रवाह पृष्ठभागाला धरून राहतो की सुटतो हे त्या थराच्या वागण्यावर अवलंबून आहे, असं त्यांनी १९०४मध्ये दाखवलं होतं. तो थर पंखाला धरून आहे तोवर विमान तरंगतं, सुटला की ते खाली येतं. हे ज्ञान मूळ झऱ्यापाशी बसून शिकलेला माणूस भारतात परतला, तेव्हा विमान बनवणारा कारखानाच देशात नव्हता.

तो कारखाना आणला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. १९३९मध्ये प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली, चीनमध्ये विमानं जुळवणारा माणूस. बोलणी वाढली, म्हैसूर संस्थान जागा आणि भांडवल घेऊन पुढं आलं आणि डिसेंबर १९४०मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. सुरुवातीपासूनच्या माणसांत घाटगे होते. १९४२मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग निघाला, त्याच्या पहिल्या शिक्षकांतही ते होते. त्याच वर्षी सरकारनं कारखाना आपल्या हाती घेतला आणि वालचंदांचा त्यातला भाग संपला. युद्धभर तिथं दुसऱ्यांच्या विमानांची दुरुस्ती चालली. दुरुस्ती करता करताच कामगारांचे हात तयार झाले, असं मला वाटतं.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला नवशिक्या वैमानिकांसाठी विमान हवं होतं. तोवर शिकवणी टायगर मॉथवर व्हायची. पोलादी नळ्यांचा आणि लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, एकावर एक दोन पंख आणि तारांचे ताण. घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला सोडून पूर्ण धातूचं, खाली एकच पंख असलेलं, मागेपुढे दोन आसनांचं विमान आखलं. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते पहिल्यांदा उडालं. पुढं त्याला १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन बसलं. भारतात आखलेलं आणि भारतातच मालिकेनं बनलेलं हे पहिलं विमान. अशी दीडशेहून जास्त बनली, हवाई दलात आणि नौदलात गेली, काही घानाला विकली गेली. कित्येक वैमानिकांनी जमीन पहिल्यांदा सोडली ती याच विमानात. मिग आणि जॅग्वारच्या कथा आपण सांगतो, पण ती विमानं चालवणाऱ्यांतल्या अनेकांची पाटी-पेन्सिल हे विमान होतं.

दाबोळीला ते जवळून पाहा. नाक वर, शेपूट खाली, मागचं छोटं चाक जमिनीला टेकलेलं. अशा विमानात जमिनीवर चालताना वैमानिकाला समोरचं नीट दिसत नाही. तो नागमोडी वळत, बाजूनं डोकावत धावपट्टीपर्यंत जातो. पंखाच्या पत्र्यावर रिव्हेटांच्या रांगा आहेत आणि त्यातली प्रत्येक रिव्हेट माणसानं हातानं बसवलेली आहे. तिरप्या उन्हात त्या रांगा उठून दिसतात, भरदुपारी सगळं सपाट होऊन जातं. समुद्राची खारी हवा आणि कोकणपट्टीचा पाऊस ॲल्युमिनियमला सोडत नाही. अशा जागी ठेवलेल्या विमानांचा रंग फुगतो, सांध्यांतून पांढरी भुकटी येते. छायाचित्रकारांनी दरवर्षी तेच कोपरे टिपले तर ती हानीची नोंदही होईल, आणि असं काम हौशी माणसाइतकं चिकाटीनं दुसरं कुणी करणार नाही.

घाटगे एचटी-२वर थांबले नाहीत. त्यांच्याच नेतृत्वाखाली एचजेटी-१६ किरण हे जेट प्रशिक्षण विमान आखलं गेलं आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी ते उडालं. १९६५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९६मध्ये हवाई कसरतींचं सूर्यकिरण पथक निघालं ते किरण घेऊन आणि २०११पर्यंत त्याच विमानांनी देशभरच्या लाखो लोकांच्या माना वर केल्या. त्या काळात ज्या मराठी माणसानं सूर्यकिरणचा फोटो काढला, त्यानं गडहिंग्लजकडच्या एका माणसाच्या कामाचा फोटो काढला. आमच्याकडच्या शाळांत हे शिकवलं जात नाही याची मला खंत आहे.

निवृत्त विमानं शहरांना आणि संस्थांना मांडून ठेवायला दिली जातात. चौकाचौकांत मिग उभी राहिली आहेत. उजळाईवाडीला मार्च २०२४मध्ये नवी टर्मिनल इमारत मिळाली. तिच्यासमोर लढाऊ विमान नको, एक एचटी-२ हवं, आणि ते छताखाली हवं, पावसात नको. ते नाहीच मिळालं तर किरण मिळण्यासारखं आहे. ही मागणी कोल्हापूरनं एकदा नीट लावून धरावी. तालमीपासून टोलपर्यंत आपण एवढं लावून धरतो, तिथं हे अवघड नाही.

तोवर दाबोळीला जाल, दिल्लीला पालमच्या संग्रहालयात किंवा बंगळुरूला एचएएलच्या संग्रहालयात जाल, तेव्हा या लहान विमानाला वेळ द्या. गुडघ्यावर बसून, नाकाच्या डाव्या अंगानं फ्रेम घ्या, पंखाची पूर्ण रेघ त्यात येऊ द्या. आणि फोटो जपून ठेवताना टेल नंबराशेजारी आणखी एक ओळ लिहा : आखणी – वि. मा. घाटगे, हसूरचंपू, ता. गडहिंग्लज.