दुचाकीचा बेल्ट आणि चेन : ताण व जुळणी

सावेडी (अहिल्यानगर) : नगर आणि दुचाकी यांचे नाते जुने आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेली लूना ही मोपेड बनविणाऱ्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना याच शहरात. सावेडी उपनगरातून मनमाड रस्त्याने नागापूर औद्योगिक वसाहतीकडे रोज शेकडो कामगार दुचाकीवरून जातात. त्या दुचाकीचे इंजिन, ब्रेक, टायर यांची चौकशी होते. पण इंजिनाची शक्ती मागील चाकापर्यंत नेणाऱ्या चेनकडे वा बेल्टकडे ती कुरकुरू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. वेगात असताना चेन निसटून चाकात अडकली, तर मागील चाक जागच्या जागी थांबते. त्यामुळे हा विषय केवळ खर्चाचा नसून जिवाचाही आहे.

बेल्ट कोणते?
बेल्टचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. गिअरविरहित पेट्रोल स्कूटरमध्ये बंद झाकणाखाली इंग्रजी 'व्ही' आकाराचा रबरी बेल्ट असतो. त्याचा ताण मागील पुलीतील स्प्रिंग आपोआप राखते. हाताने ताण देण्याची सोय नसते. झिजून त्याची रुंदी कमी झाली की तो बदलणे हाच उपाय. दुसरा प्रकार दातेरी बेल्टचा. हार्ले-डेव्हिडसनने १९८० च्या स्टर्जिस मोटारसायकलवर तो वापरला. भारतात २०१८ ची एथर ४५० ही विजेवरील स्कूटर आणि २०१९ ची रिव्होल्ट आरव्ही ४०० ही मोटारसायकल यांमुळे तो सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. त्याला तेल लागत नाही, आवाजही अल्प; मात्र ताण व जुळणी अचूक लागते.

ताण कमी-अधिक झाल्यास
बेल्ट सैल असेल तर जोर पडताच त्याचे दाते पुलीवरून उडी मारतात आणि झिजतात. फार ताणलेला असेल तर बेल्टमधील दोऱ्यांवर, तसेच चाकाच्या व मोटारीच्या बेअरिंगवर विनाकारण भार येतो. चेनचेही तसेच. मागचा आसनभाग दबला की दोन चक्रांतील अंतर बदलते. म्हणून थोडी ढील आवश्यकच असते. 'घट्ट म्हणजे चांगली' हा समज चुकीचा आहे.

तपासणीची रीत
१. गाडी थंड असताना, सपाट जागी तपासावी. इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. विजेवरील गाडी आवाज न करता चालू असू शकते, हे विसरू नये. चालू चाकाच्या चेनला फडके लावल्याने बोटे तुटल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये नेहमी ऐकायला मिळतात.
२. दोन चक्रांच्या मधोमध, खालच्या बाजूची चेन वर-खाली हलवून ढील मोजावी. लहान मोटारसायकलींत ती साधारण २० ते ३० मिलिमीटर असते. नेमका आकडा, तसेच गाडी कोणत्या स्टँडवर ठेवून मोजावयाची हे, गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.
३. बेल्टसाठी ठरावीक जोर द्यावा लागतो. हार्लेच्या गाड्यांत तो सुमारे साडेचार किलोचा असतो व बेल्ट किती उचलला गेला ते मोजतात. काही सेवा केंद्रांत बेल्टला टिचकी मारून त्याच्या कंपनावरून ताण मोजणारे उपकरण वापरतात. अंगठ्याच्या अंदाजावर विसंबू नये.
४. चाक थोडे-थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे. जिथे सर्वांत घट्ट लागेल, तेथील मापावरून जुळणी करावी.

जुळणी
मागील चाकाच्या आसाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे जुळणीचे स्क्रू सारख्याच प्रमाणात, एका वेळी पाव फेरा, फिरवावेत. स्विंग आर्मवरील खुणा दोन्हीकडे सारख्या आल्या पाहिजेत. त्या खुणा नेहमी अचूक नसतात. म्हणून स्विंग आर्मच्या बिजागरीपासून आसाच्या मध्यापर्यंतचे अंतर सरळ सळईने दोन्ही बाजूंस मोजून पाहावे. चाक तिरके राहिल्यास गाडी एका बाजूला ओढते, आणि चेनच्या चक्राचे दाते किंवा बेल्टची कड झिजते. चाक फिरवून पाहावे. बेल्ट सतत पुलीच्या एकाच कडेला घासत असेल तर जुळणी अपुरी आहे.

नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने, टॉर्क पान्याने, आवळावा. आवळताना ताण बदलतो. म्हणून पुन्हा मोजावे. आसाला स्प्लिट पिन असल्यास नवी घालावी. चाक सरकल्याने ड्रम ब्रेकची दांडी व ब्रेकचा दिवा यांची जुळणीही बदलते. ती तपासल्याखेरीज गाडी रस्त्यावर काढू नये.

निगा
नगर परिसरातील उन्हाळी धूळ चेनच्या तेलात मिसळली की घासकागदासारखे काम करते. चेन केरोसीनने पुसून कोरडी करावी व नंतर चेनचे तेल द्यावे. रबरी कड्या असलेल्या चेनला पेट्रोल लावू नये. बेल्टला मात्र तेल वा ग्रीस मुळीच लावू नये. सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे. तो दुमडू वा पिळू नये. दाते तुटलेले, दोरे दिसू लागलेले किंवा खड्याने भोक पडलेले आढळल्यास ताण देत बसण्याऐवजी बेल्ट बदलावा.

ताण तपासायला दहा मिनिटे पुरतात. जुळणी स्वतः करण्याचा आत्मविश्वास नसेल, तर माहितीपुस्तिका सोबत घेऊन मेकॅनिककडे जावे आणि मोजलेला आकडा विचारावा.